हुकमाखालचं घर

"अहो, ते तर तुम्हाला कधीही करता आलं असतं," वकीलबाई फोनवर म्हणाल्या, आणि त्याच्या हातातला सुळा मेणात उलटा बसला. फोन खांद्यात आणि कानात दाबलेला, डाव्या हातात कुणा परक्या म्हाताऱ्याच्या वरच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा, उजव्या हातात तापवलेली सुरी. खरं म्हणजे फोन आनंदाचा होता. वकीलबाईंनी आधी तेच सांगितलं होतं. निकाल लागला, वरच्या कोर्टाने जमीन खात्याचं अपील फेटाळलं, रद्द झालेला मालकी हक्क पुन्हा कायम झाला, आणि ह्या वेळी कायम म्हणजे कायम, ह्याच्या वर आता फक्त आभाळ. ह्या एका वाक्यासाठी अख्खं घर अकरा वर्षं श्वास धरून बसलं होतं. आणि ते वाक्य आलं तेव्हा तोंडातून काहीतरी निघायला हवं म्हणून त्याने विचारलं, मग आता मोरीच्या भिंतीची ओल काढता येईल ना, नवं प्लास्टर करून घेतो म्हणतो. वकीलबाई हसल्या. दुरुस्तीला कुणी अडवलं होतं, म्हणाल्या. कोर्टाने जैसे थे म्हटलं म्हणजे जमीन विकायची नाही, गहाण टाकायची नाही, नवं बांधकाम काढायचं नाही, एवढंच. रंग लावा, फरशी घाला, कपाटं नाचवा, कोर्टाला त्याचं काय. मग त्यांना दुसरा फोन आला आणि त्या गेल्या.

त्याने सुरी खाली ठेवली. तो कवळ्या बनवतो. दवाखान्यांतून ठसे येतात, त्यांत प्लास्टर ओतायचं, साचा सुकला की त्यावर गुलाबी मेणाची कड उभारायची आणि त्या मेणात एकेक दात बसवत जायचं. सुळा हा नाजूक दात. जरा फिरला तरी माणूस हसताना लबाड दिसतो. हा तर साफ पाठमोरा बसला होता, रुसून भिंतीकडे तोंड केलेल्या माणसासारखा. शेजारी पॉलिश मारणाऱ्या लंबूने मशीन बंद केलं आणि काय झालं विचारलं. जिंकलो, तो म्हणाला. लंबूने त्याला नीट बघितलं. "मग तोंड असं का केलंयस, हरल्यासारखं?" त्याने सुळ्याकडे बोट दाखवलं. आतून मालक आले, पाठीवर थाप मारली, शर्टावर प्लास्टरचा पांढरा पंजा उमटवला आणि म्हणाले, घरी जा. असली बातमी म्हाताऱ्या बापाला फोनवर सांगायची नसते, समोर उभं राहून सांगायची असते. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की घरी फोन करायचं आपल्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

बस येत होती तरी तो चालत निघाला. दुपार होती, दुकानं अर्धवट उघडी, एक माणूस दुकानापुढची फरशी पाण्याने धूत होता आणि पाणी नेमकं येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाशी सोडत होता. पाय ओले झाले आणि त्याला एकदम बरं वाटलं. कुठूनतरी खोलातून, पोटाच्याही खालून, काहीतरी सैल होत वर आलं. आपलं आहे. घर आपलं आहे. उद्या कुणी येऊन उठा म्हणणार नाही. मान मोकळी झाली, खांदे खाली आले, आणि जबडा सुटला तेव्हा कळलं की तो किती घट्ट आवळलेला होता. रोज दुसऱ्यांचे जबडे हातात घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या जबड्याचा पत्ता नव्हता. त्याला हसू आलं. चार पावलं तो नुसता हसत चालला. मग चपलेत खडा शिरावा तशी ती दुसरी गोष्ट टोचायला लागली. कधीही करता आलं असतं.

प्रकरण तसं कुणाला सांगायला गेलं तर हसण्यासारखंच होतं. गावाबाहेरच्या माळावर सरकारने प्लॉट पाडून वाटले, तेव्हा बाबा तरुण होते. त्यांनी प्लॉट घेतला, घर बांधलं, आई घरात आली, तो जन्मला, शहर पसरत येऊन घराच्याही पुढे निघून गेलं. आणि मग कधीतरी जमीन खात्यातल्या कुणा हुशार माणसाच्या लक्षात आलं की ज्या साहेबाने त्या सगळ्या गल्लीच्या मालकीच्या दाखल्यांवर सह्या केल्या, त्याची सहीच्या दिवशीच बदली झाली होती. म्हणजे साहेबाने खुर्ची सकाळी सोडली असेल तर दुपारची सही एका रिकाम्या माणसाची. दुपारनंतर सोडली असेल तर सही साहेबाची. एवढ्यावर गल्लीभराचे हक्क रद्द. खालच्या कोर्टाने रद्द बरोबर म्हटलं, त्याच्या वरच्याने चूक म्हटलं आणि हक्क परत दिले, खातं आणखी वर गेलं, तिथे पहिल्या सुनावणीत पुन्हा रद्द, फेरविचारात आज पुन्हा कायम. साहेब मरून किती काळ लोटला कुणास ठाऊक, पण तो त्या दिवशी जेवणाआधी उठला की जेवणानंतर, ह्यावर शहाणीसुरती माणसं काळे कोट घालून वर्षानुवर्षं भांडली. आणि पहिल्याच तारखेला कोर्टाने सांगितलं होतं, अंतिम निकाल लागेपर्यंत जागेची स्थिती जैसे थे ठेवावी.

ह्या शेवटच्या ओळीवर बाबांनी घर चालवलं. बाबा वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. दुकानादुकानांत जाऊन मापं उलटी करून बघायची, खोटं निघालं तर जप्त, खरं निघालं तर शिक्का. हुकूम म्हणजे हुकूम, आणि रतीभर इकडचं तिकडे झालं तरी माप खोटं, मग त्यात सोनं तोला नाहीतर कांदे. हुकूम आला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजाऱ्याचा कॅमेरा मागून आणला आणि प्रत्येक खोलीचे चारी कोपऱ्यांतून फोटो काढले. कोर्टाचा कमिशनर पाहणीला येईल तेव्हा पुरावा हवा. फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून कपाटाच्या दाराला आतून लावले, आणि रोज आंघोळ झाली की ओल्या केसांनी त्यांची फेरी सुरू. स्टूल सरकलं असेल तर जागच्या जागी. कॅलेंडर बदललं तर खिळा तोच. भिंतीला नवा खिळा नाही, रंग नाही, दाराला कडीसुद्धा नवी नाही. पाहुणे जेवायला आले की टेबल मध्ये ओढायचं, आणि त्यांचा पाय बाहेर पडायच्या आत परत भिंतीला. कमिशनर कधीच आला नाही. एकदा एक माणूस टेप घेऊन आला तेव्हा घरातले सगळे ओळीने उभे राहिले, बाबांनी तर शर्टाचं वरचं बटणही लावलं. तो पाणी खात्याचा निघाला, गल्ली चुकला होता. बाबांनी त्याला चहा पाजला आणि गेल्यावर म्हणाले, रंगीत तालीम झाली.

गल्लीत सगळ्यांवर तोच हुकूम होता. समोरच्या शिवणकामवाल्या बाईंनी दुसऱ्याच वर्षी अख्ख्या घराला नवी फरशी घातली. आठवडाभर घरघर चालली होती. तो दारात उभा राहून बघत होता हे त्याला आत्ता, ह्या रस्त्यावर, लख्ख आठवलं. त्या बाई त्याला हाक मारून म्हणाल्या होत्या, "काय रे, तुमची मोरी गळून गळून आता तळं झालं असेल, बाबांना म्हणावं मासे सोडा." तो हसला होता. घरात येऊन त्याने बाबांना सांगितलं तर बाबा म्हणाले, त्यांचं त्यांच्यापाशी, उद्या कळेल. उद्या काही कळलं नाही. कुणी बाईंना धरून नेलं नाही. हे त्याला दिसत होतं. दिसत होतं आणि तरी एकदाही, वकीलबाईंच्या ऑफिसात एवढ्या वेळा बाकावर बसून, त्याने साधा प्रश्न विचारला नाही. का विचारला नाही? तो एका आरशांच्या दुकानासमोर थांबला होता. आत ढीगभर आरसे, प्रत्येकात त्याचा शर्ट, तुकड्यातुकड्याने. केस चालू आहे, हे वाक्य त्याला फार सोयीचं झालं होतं, हे खरं. लंबू म्हणायचा आपण दोघं मिळून स्वतःचं काम सुरू करू. केस चालू आहे ना रे. मामांनी दुसऱ्या शहरात चांगली जागा बघितली. केस चालू आहे, मामा. एखाद्या जड माणसाने खुर्चीत बसावं तसा तो त्या वाक्यात बसला होता, आणि आज खुर्ची काढून घेतली तर पडलो नाही, उभाच आहे, ह्याचंच त्याला नवल वाटत होतं.

पण तो एकटा असता तर एवढं टोचलं नसतं. लग्न झालं तेव्हा हुकूम नवाच होता. बायको सासरी आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने आपल्या खोलीतला पलंग खिडकीखाली सरकवला, वाऱ्यासाठी. सकाळी बाबा फेरीला आले, दारातच थबकले, कपाटाकडे गेले आणि फोटो बघून आले. तिने पलंग परत लावला. स्वयंपाकघरातली फळी आईच्या उंचीची होती, आई चांगली उंच, आणि ही तिच्या खांद्याएवढी. फळी खाली घेता येत नाही म्हणून ही रोज स्टुलावर चढून डबे काढायची, आणि बाबांनी त्या स्टुलाला मोठ्या मनाने तात्पुरती व्यवस्था म्हणून मान्यता दिली होती. आई ह्या सगळ्याला हसायची. फोटो काढताना स्वतःच्या पलंगाच्या कडेला बसून राहिली, उठेना, म्हणाली मलाही घ्या फोटोत, म्हणजे मला पण जागचं हलायला नको. बाबांनी घेतलं. पुढे वर्षभरात आई गेली. हुकूम चालू असताना त्या घरात बदललेली तेवढी एकच गोष्ट. त्यानंतर बाबांची फेरी लांबली. त्या फोटोपाशी ते जास्त वेळ उभे राहायचे, आणि पलंगाच्या कडेची चादर, कुणी बसलेलं नसतानाही, हाताने सारखी करायचे.

म्हणजे आता घरी जाऊन काय करायचं? हक्क परत आला, हे सांगायचं. ते सोपं. पण दुसरं? बाबांना सांगायचं की तुम्ही कोर्टाचा म्हणून जो हुकूम पाळला आणि आम्हाला पाळायला लावला, तो कोर्टाचा नव्हताच, तुमचाच होता? ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची मापं उलटी करून बघितली, त्याला म्हातारपणी म्हणायचं की तुमचं माप खोटं निघालं? ते कोलमडतील. आणि नाही सांगायचं, तर ती? तिला तर सांगायलाच हवं. नऊ-दहा वर्षं स्टुलावर चढलेल्या बाईला एवढं कळायचा हक्क आहे. आणि तिला सांगितलं की ती बाबांवर चिडणार, माझ्यावर चिडणार, बरोबरच आहे, आणि मग रागात कधीतरी बाबांसमोर बोलून जाणार. तो जिंकलेलं घर घेऊन घराकडे चालला होता आणि प्रत्येक पावलाला ते घर जड होत होतं.

दार उघडंच होतं. बाबा पुढच्या खोलीत नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या कोनात. ह्या वेळी कसा आलास म्हणून त्यांनी वर बघितलं. त्याने सांगितलं, समोर उभं राहून, मालक म्हणाले तसं. बाबांच्या डोळ्यांत पाणी येईल असं त्याला वाटलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "साहेबांचं काय धरलं? सकाळ की दुपार?"

त्याने विचारलंच नव्हतं. बाबांना हे पटेना. एवढी वर्षं ज्याच्यावर भांडलो ते तू विचारलं नाहीस, मग फोनवर बोललास काय? मोरीबद्दल बोललो, असं तो म्हणणार होता, पण त्याने जीभ चावली. बाबा पुटपुटले की दुपारच असणार, मी पहिल्यापासून सांगतोय, बदली झालेला माणूस जेवल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. मग ते उठले, घरातून एकदा हळूहळू फिरून आले, फेरीसारखं नाही, कुणाच्या नव्या घरी पाहुणा म्हणून गेल्यावर फिरतात तसं, आणि मागच्या अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. तो तिकडे गेला नाही. रडू दे, त्याला वाटलं, इतक्या दिवसांचं आहे.

बायको स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा उजळलेला होता, पण विळीवरून उठली नाही, नुसतं म्हणाली, सुटलो. त्याला वाटलं आत्ता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात, मागच्या दाराकडे बघत, एका दमात सांगून टाकलं. वकीलबाई काय म्हणाल्या ते. फळी. पलंग. मोरी. सगळं करता आलं असतं, पहिल्या दिवसापासून. आपण उगाच. मी विचारलं नाही, माझी चूक.

"माहितीये मला," ती म्हणाली.

तिचा हात थांबलासुद्धा नाही. त्याला वाटलं तिने नीट ऐकलं नाही. तिने ऐकलं होतं. समोरच्या बाईंकडे फरशी घालत होते तेव्हाच ती त्यांच्याकडे गेली होती, आणि त्यांनी त्यांच्या वकिलाला फोन लावून दिला होता. वकील तिलाही असेच हसले होते. ती धावतच घरी आली होती सांगायला. "आले तर बाबा त्या पलंगाशी उभे. आईंना जाऊन महिना झाला होता. चादर सारखी करत होते. मला बघून म्हणाले, कोर्टाचा हुकूम आहे ना, काही हलवायचं नाही. म्हणजे मला नव्हते सांगत ते. स्वतःलाच सांगत होते." तिने चिरलेली भाजी एका बाजूला लोटली. "मग कसं सांगायचं? फळी काय, चढते मी स्टुलावर. त्यांना चढायला काय होतं?"

आणि मला का नाही सांगितलंस, त्याने विचारलं. ती पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघून हसली. तुला सांगितलं असतं तर तू दोन दिवस पोटात ठेवलं असतंस का, म्हणाली. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. आज आल्या आल्या दिसलं. मला तर वाटलं हरलोच. राग नाही आला तुला, त्याने विचारलं. ती म्हणाली, आला की. दर उन्हाळ्यात यायचा. रात्री उकडायला लागलं की तुमच्या दोघांच्या नावाने पंखा हलवायचे. मग जायचा. तिने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की त्याच्या मनात रस्ताभर चाललेलं ते सगळं, मापं आणि हक्क आणि कोलमडणं, कुणीतरी अलगद उचलून बाहेर ठेवलं. हे ओझं ह्या घरात आधीपासूनच होतं. कुणीतरी ते उचलून धरलं होतं, इतकी वर्षं, भाजी चिरता चिरता. त्याला तिथेच जमिनीवर आडवं पडावंसं वाटलं.

तेवढ्यात बाबा मागच्या दाराने आत आले. तोंड धुतलेलं, डोळे लाल. दोघांना असं समोरासमोर बसलेलं बघून ते थांबले. "काय खुसपुस चाललीये? वकीलबाई आणखी काही म्हणाल्या का?" खोटं बोलायचं तर कुठलं बोलायचं तेही त्याला ठरवता येईना, आणि तोंडावर तर सगळं दिसतंच.

"म्हणाल्या ना, बाबा," ती विळी आडवी करत म्हणाली. "आजपासून घरात सगळं करता येईल म्हणाल्या. दुरुस्ती, रंग, सामान हलवणं. आजपासून."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्याच्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे, जरा जास्त वेळ, दुकानदाराने पुढे केलेलं माप हातात घेऊन बघत तसे. नळ ठिबकत होता तेवढाच आवाज. बाबांना काय कळलं, किती कळलं, ते त्याला कधीच कळणार नव्हतं, आणि विचारायचीही गरज राहणार नव्हती.

"लेखी दिलंय त्यांनी?" बाबांनी विचारलं.

"नाही, तोंडी सांगितलंय."

बाबांनी मान हलवली, थोडा विचार केला. "चालेल," म्हणाले. "तोंडी चालेल."

एवढं बोलून ते आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकले. जरा वेळाने बाबांनीच विचारलं, मग आता पहिल्यांदा काय करायचं? तिघांनी एकमेकांकडे बघितलं. फळी आधी की मोरी, की रंग, की पलंग, की काहीच नाही. तो बोलायला गेला आणि त्याला नुसतं हसू आलं, मग तिला, मग बाबांनाही, कवळी सांभाळत. आणि ते तसेच बसून राहिले, जमिनीवर, परीक्षा संपल्यावर पोरं वर्गातच बसून राहतात तसे, घरी जायची घाई नसलेले. शेवटी तीच उठली. पुढच्या खोलीत गेली, बाबांची ती खुर्ची दोन्ही हातांनी फरफटत आणली, फरशीवर केवढा आवाज झाला, आणि मधल्या वाटेत, जिथे मागच्या दाराचा वारा येतो तिथे, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या बरोबर आड, ठेवली आणि स्वतःच तिच्यात पाय वर घेऊन बसली. बाबांनी मान वळवून बघितलं. "वारा येतोय का तिथे?" त्यांनी विचारलं. येतोय, ती म्हणाली. "मग बस," ते म्हणाले.